चावताना मुलाची हनुवटी बाजूला सरकते का, ते घरी कसं बघायचं आणि जबड्याच्या सांध्याला त्याने काय होतं

आमची धाकटी पहिलीत होती तेव्हा आयकार्डच्या फोटोसाठी नेली, तर फोटोवाला तीनदा म्हणाला बेटा तोंड वाकडं करू नकोस, आणि ती बिचारी नुसती तोंड मिटून बसलेली. आम्हालाही वाटायचं नखरे करते. पुढे काही महिन्यांनी किडलेली दाढ दाखवायला डेन्टिस्टकडे गेलो तेव्हा त्या बाईंनी दाढ बाजूलाच ठेवली आणि म्हणाल्या, हिला सावकाश चावायला सांगा आणि हनुवटीकडे बघा. बघितलं. दात टेकेपर्यंत सगळं सरळ आणि टेकल्यावर शेवटच्या क्षणी हनुवटी उजवीकडे सटकली, दोनेक मिलिमीटर असेल. मी विचारलं एवढ्याशाने काय होतंय, तर म्हणाल्या आत्ता काहीच नाही होत, पण हिची वाढ चालू आहे ना.

त्या एका वाक्यामुळे मी पुढचं वर्षभर वाचत आणि डॉक्टरांना पिडत बसले, त्यातून जे कळलं ते इथे एका जागी टाकतेय. मी डॉक्टर नाहीये, पण घरी काय बघायचं एवढं नक्की सांगू शकते. मूल साधारण ५ ते ९ वर्षांचं असेल तर आजच करून बघा, दहा मिनिटंपण लागत नाहीत.

आधी बसवायचं कसं. मुलाला भिंतीला पाठ लावून ताठ बसवा, झोपवून बघू नका कारण झोपल्यावर जबडा मागे पडतो आणि सगळंच वेगळं दिसतं. मोबाईल नाकाच्या उंचीवर धरा, पुस्तकांच्या चळतीवर ठेवला तर अजून बरं, आणि स्लो मोशनमध्ये व्हिडिओ लावा. मुलाला सांगा तोंड मोठ्ठं उघड, आता जीभेचं टोक वर टाळूला मागे लाव, आणि तशीच ठेवून एकदम हळू मीट, कासवासारखं. जीभ मागे नेली की जबडा आपल्या सवयीच्या जागी धावत नाही, ही युक्ती मला फार आवडली. असं तीन-चार वेळा करायचं, कारण पहिल्यांदा मुलं हसतात आणि सगळं फसतं.

आता व्हिडिओत बघायचं काय, तर वरच्या दोन मधल्या दातांमधली फट आणि खालच्या दोन मधल्या दातांमधली फट. तोंड अर्धवट उघडं असताना दोन्ही एका रेषेत आहेत आणि पूर्ण चावल्यावर खालची बाजूला गेली, तर जबडा सरकतोय. उघडं असतानाही बाजूला आहे आणि हनुवटीसुद्धा तिकडेच आहे, तर प्रकार नुसत्या सरकण्याच्या पुढे गेलेला असू शकतो, हाडाचीच लांबी दोन्हीकडे वेगळी असू शकते. आणि हनुवटी अगदी मधोमध आहे, फक्त दातांची रेष चुकलीये, तर बरेचदा एखादा दुधाचा सुळा लवकर पडल्यामुळे पुढचे दात त्या रिकाम्या जागेकडे कललेले असतात, तो जबड्याचा प्रश्न नाही. या तिन्हीत गल्लत करू नका, मी केली होती आणि दोन रात्री उगाच झोपले नाही.

मग गाल बघायचा. चहाच्या चमच्याचा दांडा आडवा आत घालून गाल बाहेर ओढा, मागचे दात चावलेल्या अवस्थेत ठेवायला सांगा, टॉर्च मारा. वरचे दात खालच्यांच्या थोडे बाहेर असायला हवेत, डब्यावर झाकण बसतं तसे, सगळीकडून. एका बाजूला झाकण आत आणि डबा बाहेर असं दिसलं तर त्याला क्रॉसबाइट म्हणतात, आपण मराठीत उलटा चावा म्हणू.

आणि इथेच ती गंमत आहे जी मला कळायला महिना लागला. दिसतं एकाच बाजूला म्हणून आपल्याला वाटतं तीच बाजू वाकडी. पण मुलांमध्ये बहुतेक वेळा वरचा जबडा दोन्हीकडून अरुंद असतो. झाकण डब्यापेक्षा लहान झालं की काय करता? मधोमध ठेवलं तर दोन्हीकडे कडेवर कड टेकते आणि बसतच नाही, मग डबा थोडा एका बाजूला सरकवता, एक बाजू नीट बसते आणि दुसरी पूर्ण उलटी होते. मूल नेमकं तेच करतं, बिचाऱ्याला कळतही नाही. दाढा कडेवर टेकल्या की चावता येत नाही म्हणून जबडा जिकडे आरामात बसेल तिकडे सरकवतं, आणि जेवताना, थुंकी गिळताना, दिवसभर तेच. बरेचदा दुधाचा सुळा आधी टेकतो आणि तो जबड्याला बाजूला ढकलतो, म्हणजे दाराच्या चौकटीत खडा अडकल्यासारखं.

तिसरी गोष्ट सांध्याची. मुलाच्या मागे उभे राहा, दोन्ही कानांच्या बरोबर पुढे, जिथे कानाच्या भोकासमोर ते छोटं मांसल टोक असतं त्याच्या जरा पुढे, तर्जनी हलकेच ठेवा आणि तोंड उघडमीट करायला सांगा. दोन गोट्या पुढे येऊन मागे गेल्यासारख्या लागतील. दोन्ही एकदम हलतात का, एकीकडे कमी हलतं का, दुखतं का एवढंच बघायचं. कट्ट असा आवाज आला पण दुखत नाही आणि तोंड पूर्ण उघडतंय, तर घाबरायचं कारण नाही, असे आवाज खूप लोकांना असतात आणि नुसत्या आवाजावर उपचार करत नाहीत. तोंड पुरेसं उघडतं का बघायला मुलाची स्वतःची तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा, तुमची नाही, त्याची. ती जायला हवीत.

आता त्या कानापुढच्या गोटीत काय आहे ते सांगते, कारण सगळं गाडं तिथेच अडतं. खालच्या जबड्याच्या दोन्ही टोकांना वर एकेक गोल बोंड असतं, ते कवटीच्या खळग्यात बसतं आणि मध्ये एक लवचिक चकती असते. त्या बोंडावर कूर्चेचं आवरण असतं, कूर्चा म्हणजे कानाचा वरचा भाग ज्याने ताठ राहतो त्या जातीचं पण वेगळ्या घडणीचं. लहान मुलात हे आवरण नुसतं घसरायला गुळगुळीत पृष्ठभाग म्हणून नसतं, तो वाढीचा कारखानाच असतो. वरच्या थरात नवीन पेशी तयार होतात, खाली खाली जात मोठ्या होतात, फुगतात, आणि शेवटी त्यांची जागा हाड घेतं. बोंड असं वर आणि मागे वाढत जातं, पण वर कवटी आहे, जाणार कुठे, म्हणून अख्खा जबडा खाली आणि पुढे येतो. पाच वर्षांच्या मुलाची हनुवटी आणि पंधराची यात जो फरक दिसतो त्यात या कारखान्याचा बराच वाटा असतो. जन्मतः तो खळगाही जवळजवळ सपाट असतो, पुढचा उंचवटा दात येऊन चावणं सुरू झाल्यावर हळूहळू घडतो. म्हणजे सांधा तयार होऊन येत नाही, वापरातून घडतो.

मांडीच्या हाडाच्या टोकालाही वाढीची कूर्चा असते पण तिच्यात पेशी शिस्तीत रांगा लावून असतात आणि ती मुख्यतः शरीराच्या आतल्या हार्मोन्सचं ऐकते. जबड्याच्या बोंडावरची कूर्चा गर्भात उशिरा तयार होते आणि तिच्यात त्या रांगा नसतात, आणि ती आजूबाजूला काय चाललंय ते फार ऐकते, म्हणजे जबडा कुठे बसतोय, किती दाब येतोय, स्नायू कुणीकडून ओढतायत. स्ट्रासबर्गमध्ये अलेक्झांडर पेट्रोविच यांनी उंदरांवर आणि अमेरिकेत मिशिगनमध्ये जेम्स मॅकनमारा यांनी माकडांवर, साधारण १९७०च्या दशकात, जबडा मुद्दाम पुढे धरून ठेवून बघितलं तर वाढत्या प्राण्यांच्या बोंडावरची कूर्चा जाड झाली, पेशी जास्त वाढल्या. आणि उंदरांना नुसता मऊ दळलेला खुराक दिला तर कूर्चा पातळ राहते, हेही वेगवेगळ्या प्रयोगांत दिसलंय. थोडक्यात तिला काम लागतं, पण सततचा एकसारखा दाब चालत नाही.

आता आमच्या धाकटीचं उदाहरण घेऊ, जबडा उजवीकडे सरकतो. तेव्हा उजवं बोंड खळग्यात वर-मागे दाबलं जातं आणि डावं पुढे-खाली ओढलं जातं, एखादं ढकलगाडं एका बाजूला वळवलं की आतलं चाक जागेवर आणि बाहेरचं पुढे येतं ना, तसं. प्राण्यांत बाजूला सरकवणारं उपकरण लावून जे प्रयोग झाले त्यात ओढल्या गेलेल्या बाजूची कूर्चा जाड होऊन जास्त वाढते आणि दाबल्या गेलेल्या बाजूची मंदावते असं सापडलंय. म्हणजे डावीकडचा कारखाना जोरात, उजवीकडचा सुस्त. डावा भाग लांब होत जातो आणि हनुवटी अजून उजवीकडे. खळगाही आपला आकार त्या जागेप्रमाणे बदलतो, चघळायचे स्नायू दोन्हीकडे वेगळे काम करायला लागतात. आणि मग एक दिवस असा येतो की तुम्ही दात कितीही सुधारलेत तरी हनुवटी मध्ये येत नाही, कारण आधी जे नुसतं सरकणं होतं ते आता हाडात उतरलंय.

इथे एक ब्रेक लावते. उंदराचं अख्खं वाढीचं वय काही आठवड्यांचं, त्याचं गणित मुलाला जसंच्या तसं लावायचं नसतं, आणि जिवंत मुलाची कूर्चा कापून कुणी बघणार नाही. मुलांवरच्या एक्सरे-सीटीच्या अभ्यासांत काहींना दोन बाजूंत फरक दिसला, काहींना नाही. त्यामुळे उलटा चावा म्हणजे चेहरा वाकडा होणारच, असं कुणी सांगत असेल तर तो विकायला बसलाय समजा. पण हा चावा बहुतेक मुलांत आपोआप सुटत नाही, कायमचे दातही बरेचदा तसेच उलटे येतात, आणि लहानपणी सोडवणं तुलनेने सोपं असतं, म्हणून थांबण्यात फायदा दिसत नाही. तसंच मोठेपणी जबडा दुखण्याचं खापर सरसकट वाकड्या चाव्यावर फोडू नका, तो संबंध बराच कमकुवत आहे. आपण हे करतोय ते दुखणं टाळायला नाही, वाढ सरळ व्हावी म्हणून.

वय किती आणि काय करतात. अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्टांची, म्हणजे वाकडे दात आणि जबडे सरळ करणाऱ्या डॉक्टरांची, संघटना सांगते पहिली तपासणी ७ वर्षांपर्यंत करा, कारण ६च्या आसपास पहिल्या कायमच्या दाढा येतात आणि वरच्या-खालच्या जबड्याचं नातं दिसायला लागतं. तपासणी म्हणजे तारा नाहीत, हे सासूबाईंना समजावायला मला आठवडा लागला. आपल्याकडे दुधाचे दात पडणारच आहेत म्हणून सोडून द्यायची जी पद्धत आहे ना, तिने फार नुकसान होतं. किडलेली दाढ दुखते म्हणून मूल दुसऱ्या बाजूनेच चावतं, किंवा दात लवकर काढावा लागतो, शेजारचे दात सरकतात, आणि पुढची साखळी सुरू.

सुळाच आडवा येत असेल तर डेन्टिस्ट दुधाच्या सुळ्याचं टोक थोडं घासून देतात, इंजेक्शनसुद्धा लागत नाही बहुतेक वेळा, आणि काही मुलांचा जबडा तेवढ्यावर मधे येतो. वरचा जबडा अरुंद असेल तर एक्सपान्डर, म्हणजे तो रुंद करणारं उपकरण. टाळूच्या मधोमध एक शिवण असते, दोन हाडं जोडणारी, ती लहानपणी पक्की बंद झालेली नसते, साधारण चौदा-पंधराच्या पुढे ती उघडणं अवघड होत जातं आणि मोठ्यांना त्यासाठी टाळूच्या हाडात बसवायचे स्क्रू नाहीतर ऑपरेशन लागतं. म्हणून सात-आठ वर्षं हे वय सोयीचं. दाढांना धरून बसवलेल्या उपकरणात मधे स्क्रू असतो, डॉक्टर एक छोटी किल्ली देतात आणि घरी आपण फिरवायचा. एक पाव फेरा म्हणजे साधारण पाव मिलिमीटर.

आमची रात्रीची कसरत सांगते म्हणजे कल्पना येईल. जेवण झालं, दात घासले, मग गादीवर आडवी, डोकं माझ्या मांडीवर, नवरा टॉर्च धरून. किल्ली पुढच्या भोकात घालायची आणि घशाच्या दिशेने दाबत न्यायची, पुढचं नवीन भोक दिसेपर्यंत, अर्धवट सोडली तर दुसऱ्या दिवशी किल्ली घालायला भोकच सापडत नाही, हे मी एकदा केलंय. किल्लीला दोरा बांधून मनगटात अडकवा, घशात पडू नये म्हणून. किती दिवस आणि किती फेरे ते डॉक्टर कागदावर लिहून देतात, तो कागद फ्रिजवर लावा आणि खुणा करा, कारण "काल फिरवला होता का गं" हा प्रश्न हमखास पडतो. नाकाच्या मुळाशी दाब आल्यासारखं वाटतं, पहिले काही दिवस स आणि श घसरतात, आणि टाळूवर पोळी चिकटून बसते, म्हणून जेवणानंतर खळखळून चूळ.

आणि हो, काही दिवसांत वरच्या मधल्या दोन दातांत मोठी फट पडली तर किंचाळू नका. मी किंचाळले होते. ती शिवण उघडल्याची खूण आहे, फट पुढे बहुतेक वेळा आपोआप मिटते. फिरवणं संपलं तरी उपकरण लगेच काढत नाहीत, साधारण सहा महिने तसंच ठेवतात, नवीन हाड भरायला. कुणी महिन्याभरात काढू म्हणालं तर का ते विचारा.

अंगठा चोखणं आणि तोंडाने श्वास घेणं या दोन गोष्टी तशाच राहिल्या तर सगळ्या मेहनतीवर पाणी. अंगठा तोंडात असला की जीभ खाली आणि गाल आत दाबतात, टाळू अरुंद आणि उंच होतो. रात्री घोरतो, तोंड उघडं टाकून झोपतो, सारखी सर्दी असते, तर नाकामागच्या अ‍ॅडेनॉइड्स नावाच्या गाठींसाठी ईएनटीकडे आधी जा. ओरडून, कडू लावून अंगठा सुटतोच असं नाही, आमच्याकडे तर उलट वाढला होता.

खाण्याचं विचारलं होतं मी. डॉक्टर म्हणाल्या एक्सपान्डर नसेल तेव्हा भाकरी, गाजर, पेरू, ऊस, सगळं खाऊ दे आणि दोन्ही बाजूंनी, पण चावून चावा सरळ होत नाही, ते वेगळं. सगळंच कालवून मऊ भरवायची सवय मात्र सोडा, मूल सहा वर्षांचं झालंय. आणि ते इन्स्टावरचे जबड्याचे व्यायाम, रबराचे गोळे चावणं, च्युइंगगम, ते वाढत्या मुलाला देऊ नका प्लीज.

एक्सरेत काय दिसतं हेही सांगून ठेवते, कारण मी आधी ओपीजी, म्हणजे सगळे दात आणि जबडा एकत्र दाखवणारा एक्सरे, बघून विचारलं कूर्चा कुठाय. कूर्चा ओपीजीत दिसत नाही, हाड दिसतं, दात दिसतात, दोन्ही बोंडांचा आकार आणि उंची यांचा अंदाज येतो. चकती आणि आतली सूज बघायला एमआरआय लागतो, पण साध्या उलट्या चाव्यासाठी तो कुणी करायला सांगत नाही आणि सीटीही उगाच करू नये, मुलांना रेडिएशन कमीत कमी.

आता तीन प्रकार जिथे घरी बघत बसायचं नाही. हनुवटीवर पडणं हा सगळ्यात महत्त्वाचा. जिन्यावरून, सायकलवरून, झोपाळ्यावरून मूल हनुवटीवर आपटतं, खाली चीर पडते, चार टाके घालतात आणि सगळे विसरतात. पण तो मार सरळ वर कानापुढच्या बोंडात जातो, तिथे फ्रॅक्चर असू शकतं आणि टाके घालणाऱ्याचं लक्ष जातंच असं नाही. नंतर तोंड कमी उघडायला लागलं, एका बाजूला वळून उघडायला लागलं, चावा बदलला, कानातून रक्त आलं, तर लगेच जबड्याच्या सर्जनकडे. लहान मुलांत त्या सांध्यात रक्त साकळून हाड हाडाला जुळायची भीती असते, मग तोंडच उघडत नाही आणि त्या बाजूची वाढ थांबते. अशा मुलाचा चेहरा फसवतो, हनुवटी आजारी बाजूला वळलेली आणि तोच गाल गुबगुबीत दिसतो, चांगली बाजू लांब आणि सपाट दिसते, त्यामुळे आईवडील भलत्याच बाजूला बोट दाखवतात.

दुसरा, मुलांचा संधिवात. गुडघा किंवा घोटा सुजतो, सकाळी ताठर असतो, आणि जबड्याचा सांधा गुपचूप झिजत असतो, दुखत नाही म्हणून कुणी बघत नाही. असं मूल असेल तर तीन बोटांची तपासणी दर महिन्याला करा. तिसरा, कानात पू झालेला असताना तोंड उघडणं कमी झालं तर थांबू नका.

खर्चाची चिंता असेल तर सरकारी डेन्टल कॉलेजं आहेत, मुंबईत सेंट जॉर्जेसच्या आवारात, नागपूरला, छत्रपती संभाजीनगरला, गोव्यात बांबोळीला, तिथे मुलांच्या दातांचा विभाग वेगळा आणि ऑर्थोचा वेगळा असतो. रांग मोठी असते, सकाळी लवकर जा, आणि सोबत तो स्लो मोशनचा व्हिडिओ न्या. डॉक्टरांसमोर मूल हमखास वेगळंच चावतं. विचारायचे प्रश्न साधे आहेत, जबडा सरकतोय की हाडच लहानमोठं आहे, वरचा जबडा अरुंद आहे का, आत्ता केलं तर काय आणि वयाच्या बाराव्या वर्षानंतर केलं तर काय फरक, आणि उपकरण काढल्यावर परत सरकू नये म्हणून काय.

आमच्या धाकटीचं उपकरण निघून आता दीड वर्ष होईल. दर तीन महिन्यांनी त्याच भिंतीला टेकवून तोच व्हिडिओ काढते, नवीन दात आले की चावा परत हलू शकतो म्हणून. वरचे सुळे अजून यायचेत, अकरा-बाराला येतात, तोवर हे चालूच राहणार. ती आता कासवासारखं सांगायच्या आधीच जीभ मागे लावून बसते आणि विचारते, आई, व्हिडिओ नीट आला की मला किती मिनिटं मोबाईल.